बाटलीतील बिअरची कैफियत

इंग्लंडातील बिअरविषयी दोन आक्षेप वारंवार कानी येतात, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी येत असले तरी दोहोंचा प्रहार अखेर एकाच माणसावर होतो. पहिला आक्षेप इंग्लंडाबाहेरच्यांचा: तेथील बिअर कोमट आणि बेजान असते, उन्हाळ्यात तर ती पिण्याजोगी नसतेच. दुसरा खुद्द इंग्लंडातील जाणकारांचा: अस्सल इंग्लिश बिअर पबच्या तळघरातील पिंपात नांदते, बाटलीत भरली की ती मेली, आणि घरी बसून तिची परीक्षा करणे म्हणजे मूळ ग्रंथ न वाचता सारांशावर अभिप्राय देणे होय. जून महिन्यातील एखाद्या संध्याकाळी, दिवसभराचे ऊन कलल्यावर, घरामागच्या अंगणात तीन-चार स्नेही जमवून निरनिराळ्या परगण्यांतील तीन-चार बाटल्या क्रमाने उघडणारा जो रसिक, तो पहिल्या पक्षाच्या लेखी अरसिक ठरतो आणि दुसऱ्या पक्षाच्या लेखी अडाणी. इंग्लंडात घर केलेला एक मराठी माणूस म्हणून मी या दोन्ही पक्षांची फिर्याद पुष्कळदा ऐकली आहे. आणि दोन्ही दावे मला अमान्य असल्यामुळे त्या रसिकाच्या वतीने ही कैफियत सादर करीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, म्हणून त्याचा विचार आधी करतो. ज्या चळवळीतून तो निघाला तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९६०नंतरच्या दशकात मोठमोठ्या मद्यकंपन्यांनी पिंपातील जिवंत बिअर मोडीत काढून तिच्या जागी गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली आणि वायूच्या दाबाने नळातून वर ढकलली जाणारी बिअर देशभर पसरवण्याचा सपाटा लावला, तेव्हा आयर्लंडातील केरी परगण्यात सुटीवर गेलेल्या चौघा इंग्रज तरुणांनी १९७१ साली ‘कॅम्रा’ ही ग्राहकसंस्था स्थापन केली, आणि पबच्या फळीवरील हातपंप आज शाबूत आहे तो बऱ्याच अंशी त्यांच्या चिकाटीमुळे. परंतु या इतिहासाचा जो भाग हे जाणकार सांगत नाहीत तो असा, की त्याच पडत्या काळात बाटलीतच परिपक्व होणाऱ्या बिअरही नामशेष व्हायच्या वाटेवर होत्या. बर्टन-अपॉन-ट्रेंटची वर्दिंग्टन व्हाइट शील्ड, हँपशरमधील हॉर्नडीनची गेल्स प्राइझ ओल्ड एल, करेज कंपनीची इम्पीरियल रशियन स्टाउट, डॉर्चेस्टरची टॉमस हार्डीज एल अशी बोटांवर मोजण्याइतकी नावे तेवढी उरली होती. म्हणजे मोठ्या भांडवलाचे आक्रमण पिंपावर जसे झाले तसेच बाटलीवरही झाले. आणि कॅम्रानेही पुढे बाटलीत परिपक्व होणाऱ्या बिअरला जिवंत बिअरच्या पंक्तीत बसवले. संस्थेने दिलेली ही सनद तिच्याच अनुयायांनी रद्दबातल समजावी, याला कोणताही आधार नाही.

अशा बाटलीत घडते तरी काय, हे आक्षेपकांनी एकदा नीट पाहावे. मुख्य किण्वन संपल्यावर बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडे जिवंत यीस्ट आणि त्याला पुरेल इतकी अल्पशी साखर राहू दिली जाते, किंवा मुद्दाम घातली जाते. वर झाकण घट्ट बसवले जाते. मग अंधारात आणि सौम्य उष्णतेत काही आठवडे ते यीस्ट ती साखर खात राहते, आणि त्यातून निघणाऱ्या कर्बवायूला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो बिअरमध्येच विरघळतो. पिंपातही मूलतः हेच घडते. परंतु बाटलीतील यीस्ट याखेरीज आणखी एक मोलाची कामगिरी बजावते: बाटली भरताना जो प्राणवायू आत शिरतो, आणि ज्याच्यामुळे बिअरला कालांतराने ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, त्यातला बराचसा ते स्वतःच शोषून घेते. उलट पिंपाला तोटी ठोकून बिअर काढू लागले, की प्रत्येक प्याल्यागणिक तेवढीच हवा आत जाते, आणि तीन दिवसांच्या आत पिंप रिकामे झाले नाही तर उरलेली बिअर आंबट आणि निस्तेज होऊ लागते. गिऱ्हाईक तोटके असलेल्या पबात मंगळवारी रात्री मिळणारा पिंपातील प्याला आणि नीट जतन केलेल्या बाटलीतील प्याला यांत अधिक सजीव कोणता, याचा निवाडा मी कोणाही निःपक्षपाती जिभेवर सोपवायला तयार आहे.

बाटलीच्या या सामर्थ्याची एक जुनी कथा इंग्लंडात सांगतात. सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल, जे १६०२ साली वारले, ते मासे धरायला नदीकाठी गेले असता बिअरची बाटली गवतात विसरून आले, आणि काही दिवसांनी ती सापडल्यावर उघडू लागले तो बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. टॉमस फुलर या लेखकाने १६६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही हकीगत नोंदवली आहे. बाटलीतल्या बिअरचा शोध नॉवेलसाहेबांनीच लावला असे मानण्याचे कारण नाही. पण बूच मारलेल्या बाटलीत बिअर जिवंत राहते आणि तिचा जोम वाढतो, हे ज्ञान त्या देशाला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ आहे एवढे त्यावरून निश्चित ठरते.

बाजारातल्या सर्वच बाटल्यांचा बचाव करण्याचा मक्ता मी घेतलेला नाही. मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर मांडलेल्या ‘एल’ या पारंपरिक इंग्लिश बिअरच्या बहुसंख्य बाटल्या गाळून आणि निर्जंतुक करून भरलेल्या असतात. त्यांतील काही चवीला सरस असतात हे खरे, तरी त्यांना जिवंत म्हणता येणार नाही. जी बाटलीत परिपक्व झालेली असते तिच्या चिठ्ठीवर तसा उल्लेख बहुधा असतोच, आणि तळाशी गाळाचा पातळ थर दिसतो. हॉप या फुलांमधील कडू द्रव्यांचे आणि प्रकाशाचे वैर असल्याने पारदर्शक व हिरव्या काचेतील बिअर दुकानाच्या दिव्याखालीसुद्धा बिघडते. तपकिरी काच तिला पुष्कळ संरक्षण देते. तेव्हा पारदर्शक बाटलीतील एखादी नासलेली बिअर पुढे करून सगळ्या बाटल्यांना दोषी ठरवणे हा न्याय नव्हे. घाणेरड्या नळ्यांतून आलेल्या प्याल्यावरून कोणी पिंपाला दोषी धरत नाही.

जाणकारांच्या पक्षाला ज्याचे उत्तर देता येणार नाही असा मुद्दा काळाचा आहे. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या कारखान्याने कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या निधनाला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने १९६८ साली सुमारे १२ टक्के मद्यार्काची एक एल काढली, तिच्या बाटल्यांवर वर्ष छापले, आणि ती वर्षानुवर्षे राखून ठेवावी अशीच तिची योजना केली. लंडनमधील चिझिक येथील फुलर्सच्या कारखान्यातून १९९७पासून ‘व्हिंटेज एल’ दरवर्षी निघत आली आहे. तिचा मद्यार्क ८.५ टक्के, आणि पुष्कळ वर्षी जवाच्या माल्टची व हॉपची निवड निराळी. नव्या बाटलीत हॉपचा कडवटपणा पुढे असतो, संत्र्याच्या मुरंब्याची आठवण देणारा गोडवा त्याच्या मागे उभा असतो. आठ-दहा वर्षे अंधारात राहिलेल्या बाटलीत कडवटपणा मागे सरून सुका मेवा, जुने लाकूड आणि शेरीच्या जातीचा एक मुरलेला स्वाद वर येतो. या दोन बाटल्या एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून चाखणे हा अनुभव जगातील कोणताही पब पिंपातून देऊ शकणार नाही, कारण पिंपाचे आयुष्यच दिवसांत मोजले जाते. बिअर ही केवळ ताजी असताना प्यायची गोष्ट आहे हा सिद्धांत सौम्य बिअरपुरता ग्राह्य आहे. इंग्लंडातील जोरकस एलला तो लावणे म्हणजे त्या देशाच्या मद्यकलेचे एक संपूर्ण दालन कुलूपबंद करणे होय.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. ‘कोमट’ हे विशेषण ज्याने प्रथम लावले त्याने तापमापक हाती घेतला नसावा. पिंपातील एल ११ ते १३ अंश सेल्सिअसला द्यावी असा दंडक आहे, आणि बाटलीतील एललाही साधारण तेच तापमान मानवते. मुंबईच्या वैशाखात माठातले पाणी याहून पुष्कळ कमी थंड असते, तरी त्याला कोणी कोमट म्हणत नाही. लंडनमध्ये जुलैत पारा पंचविसावर चढलेला असताना १२ अंशांची एल हाताला आणि जिभेला चांगली गार लागते. वस्तुतः आक्षेपकाला हवा असतो तो गारवा नव्हे, तर घरगुती फ्रीजमधील चार-पाच अंशांचा कडाका, ज्यात जीभ बधिर होते आणि कोणतीही बिअर दुसऱ्या कोणत्याही बिअरसारखी लागते. सुगंधी द्रव्ये थंडीत द्रवातच कोंडून राहतात. हॉपचा दर्प, यीस्टने निर्माण केलेले फळांसारखे वास, भाजलेल्या माल्टचा खमंगपणा हे सगळे वर उठायला थोडी ऊब लागते. ज्या फिक्या बिअरमध्ये लपवण्याजोगे पुष्कळ आणि दाखवण्याजोगे थोडे असते तिला कडाक्याची थंडी सोयीची पडते. केंटच्या गोल्डिंग हॉपचा फुलांचा व मधाचा गंध, फगल हॉपचा मातकट-गवताळ गंध, मॅरिस ऑटर जातीच्या जवाचा बिस्किटासारखा स्वाद यांसाठी ज्यांनी पैसे मोजले आहेत त्यांनी तोच गंध बर्फात पुरून टाकावा, हे मला उधळपट्टीचे वाटते.

बेजानपणाच्या आरोपाचेही तसेच. इंग्लिश एलमध्ये कर्बवायू बेताचा असतो तो दुर्लक्षाने नव्हे, तर चव आणि जीभ यांच्यामध्ये बुडबुड्यांचा पडदा येऊ नये म्हणून. जाणकार मात्र बाटलीवर नेमका उलटा ठपका ठेवतात, की तिच्यात वायू पिंपाहून अधिक असतो. हे तथ्य मला मान्य आहे. पण त्यावर उपाय ओतणाऱ्याच्या हातात आहे, आणि तो कसा हे प्रत्यक्ष सांगणे बरे.

कॉर्नवॉलमधील सेंट ऑस्टेल कारखान्याची ‘प्रॉपर जॉब’ ही ५.५ टक्क्यांची, बाटलीत परिपक्व होणारी एल घ्यावी. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली असावी, म्हणजे यीस्ट तळाशी बसते. फ्रीजमधून ती अर्धा-पाऊण तास आधी काढावी. ग्लास साध्या गरम पाण्याने खळबळून, फडक्याने न पुसता, उपडा ठेवून निथळलेला असावा, कारण स्निग्धतेचा एक कण फेसाचा घात करतो. झाकण काढल्यावर फुसकारा ऐकू येतो तो लहानसाच. ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करावी, आणि एकदा कललेली बाटली पुन्हा उभी करू नये. उभी केली की आतला द्रव मागे सरून तळाचा गाळ ढवळतो. ग्लास निम्मा भरल्यावर तो सरळ करून बिअर थोड्या उंचीवरून पडू द्यावी: जादा वायू फेसाच्या वाटे निघून जातो, आणि जिभेवर टोचणारी धार मवाळ होते. मग बाटलीच्या खांद्यावर नजर ठेवावी. स्वच्छ सोनेरी द्रवामागून दुधी धुक्याची एक रेघ सरकत येते. ती मानेपाशी पोहोचण्याआधी हात थांबवावा. उरलेला बोटभर गाळ काहीजण घोळवून ग्लासात घालतात, आणि घालावा की न घालावा यावर व्हाइट शील्डच्या चाहत्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे. माझे मत न घालण्याकडे आहे. नाकाशी ग्लास नेला की पपनसाच्या सालीचा आणि देवदाराच्या चिकाचा वास येतो, कारण या कॉर्निश बिअरमधील हॉप अमेरिकी आहेत. हा वास बिअर चार अंशांवर असताना जवळजवळ येतच नाही. बारा अंशांवर तो ग्लासाच्या काठावर उभा असतो.

उन्हाळी संध्याकाळविषयी एक दक्षता अवश्य सांगितली पाहिजे. जूनच्या अखेरीस लंडनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, आणि त्याआधीचा तास-दोन तास त्याचे तिरपे किरण थेट टेबलावर येतात. हॉपचा भरपूर वापर असलेली बिअर उघड्या ग्लासात अशा उन्हात ठेवली तर काही मिनिटांतच तिला स्कंक या अमेरिकी प्राण्याच्या दुर्गंधीशी साम्य असलेला वास येऊ लागतो. ही अतिशयोक्ती नव्हे. प्रकाशाने हॉपमधील द्रव्यांचे विघटन होऊन गंधकाचे एक संयुग तयार होते, आणि त्याचा लवलेशही नाकाला जाणवतो. म्हणून टेबल सावलीत असावे. उन्हाळ्यात चाखलेली इंग्लिश बिअर वाईट लागली अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी आपला ग्लास कोठे ठेवला होता याची चौकशी आधी करावी.

पबच्या कैवाऱ्यांचा शेवटचा आधार भावनेचा असतो: बिअर म्हणजे सहवास, आणि सहवास म्हणजे पब. या मताच्या पुष्टीसाठी जॉर्ज ऑर्वेल यांचा ‘द मून अंडर वॉटर’ हा निबंध हमखास पुढे केला जातो. फेब्रुवारी १९४६मध्ये ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये आलेल्या त्या निबंधात त्यांनी आपल्या मनातील आदर्श पबचे वर्णन केले, आणि असा पब वस्तुतः अस्तित्वात नाही असे शेवटी स्वच्छ सांगितले. पण निबंधाचा दाखला देणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते: त्या आदर्श पबातही रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची बिअर घरी नेणाऱ्यांसाठी बाटल्यांचा आणि जग नावाच्या भांड्यांचा स्वतंत्र कट्टा ऑर्वेल यांनी ठेवला आहे. घरी बिअर पिण्याची वहिवाट इंग्लंडात नवी नाही. ती इतकी सार्वत्रिक होती, की आईबापांनी मुलांना जग घेऊन पबात पिटाळण्याला आळा घालण्यासाठी १९०१ साली पार्लमेंटाला कायदा करावा लागला, आणि त्यातही मोहोरबंद भांड्यातून बिअर न्यायला चौदा वर्षांखालील मुलांना मुभा राहिली. मी पबचा द्वेष्टा नाही. चांगल्या पबात मिळणाऱ्या पिंपातील बिटर एलला तोड नाही हे मी कोणापुढेही कबूल करीन. परंतु परीक्षण आणि मेजवानी ही दोन निरनिराळी कामे आहेत. जेथे तळलेल्या माशांचा वास दरवळतो आहे, जेथे एका वेळी एकच बिअर समोर येते, तेथे चार परगण्यांच्या चार एलची तुलना होऊ शकत नाही. घरच्या टेबलावर ती होते.

बाटलीला दुय्यम लेखणाऱ्यांनी आपल्या देशाचा व्यापारी इतिहासही आठवावा. काचेवरील जकात १८४५ साली उठल्यावर बाटली स्वस्त झाली आणि इंग्लिश बिअर जगभर गेली. १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिले चिन्ह नोंदले गेले ते बर्टनच्या बास कंपनीचा लाल त्रिकोण. आणि १८८२ साली फ्रेंच चित्रकार माने यांनी पॅरिसच्या फोली-बेर्झेर येथील मद्यगृहाचे जे प्रख्यात चित्र पूर्ण केले त्यात शँपेनच्या शेजारी लाल त्रिकोणाच्या बाटल्या स्पष्ट दिसतात. आमच्या मुंबई, मद्रास, कलकत्ता बंदरांतही लंडनच्या हॉजसनची आणि पुढे बर्टनच्या ऑलसॉप व बास यांची फिकी एल पिंपांतून तशीच बाटल्यांतून येत असे. हॉजसनने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली ही आख्यायिका पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. पण विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी आलेली ती एल आमच्या उन्हाळ्यात आवडीने प्यायली जात होती, ही गोष्ट निर्विवाद आहे. जिने मुंबईचा उन्हाळा सोसला ती इंग्लंडच्या उन्हाळ्याला अयोग्य कशी?

माझे मराठी वाचक याहून निराळी हरकत घेतील हे मी जाणतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकराचा अधःपात ज्या समाजाने रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या पाहिला त्याला मद्याच्या परीक्षणाची भाषा ही व्यसनाची पळवाट वाटणे स्वाभाविक आहे. ती भीती मी क्षुल्लक मानत नाही. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे खरी आहेत, आणि ज्याला प्यायचे नाही त्याला आग्रह करणे हे अशिष्टपणाचे आहे. मी केवळ प्रमाण मांडतो. चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत मद्यार्काची दोन एकके असतात. ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली आठवड्याला चौदा एककांहून अधिक घेऊ नयेत असा सल्ला दिला. चौघांत तीन बाटल्या वाटल्या, सोबत पाव, चेडर आणि पाणी ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन एकके येतात. सावकाश आणि लक्ष देऊन चाखणाऱ्याला घाईने रिचवणाऱ्याच्या रांगेत उभे करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

बाटलीविषयीचा हा आकस केवळ बैठकीतल्या वादापुरता राहिला असता तर मी इतके लिहिले नसते. पण तो आता कायद्यात उतरला आहे. १ ऑगस्ट २०२३पासून ब्रिटिश सरकारने पबना साहाय्य म्हणून २० लिटर किंवा त्याहून मोठ्या, तोटीला जोडायच्या पिंपांतील बिअरवरचा कर कमी केला. आरंभी ही सवलत ९.२ टक्क्यांची होती. पबना मदत व्हावी हे मला मान्य आहे. परंतु एकाच हौदातून निघालेली, एकाच यीस्टने जिवंत राहिलेली बिअर पिंपात गेली तर सवलतीस पात्र आणि बाटलीत गेली तर अपात्र, हा भेद सर्वाधिक जाचतो तो ज्यांच्याजवळ स्वतःचे पब नाहीत आणि हाताने बाटल्या भरून जे गावोगावच्या दुकानांना पुरवतात त्या लहान कारखानदारांना. मोठ्या कंपन्यांच्या गाळलेल्या बिअरलाही पिंपात भरली म्हणून सवलत मिळते, आणि लहान कारखान्याच्या जिवंत बिअरला बाटलीत भरली म्हणून नाकारली जाते. जिवंत बिअरच्या कैवाऱ्यांनी या अन्यायाविरुद्ध बोलायला हवे होते. बाटलीत परिपक्व होणाऱ्या बिअरला पिंपातील बिअरइतकीच करसवलत मिळाली पाहिजे, आणि कॅम्राने आपल्या स्वतःच्या सनदेला स्मरून ही मागणी पार्लमेंटापुढे मांडली पाहिजे.